पित्राच्या पाटावर

पॉलिशच्या शेडमधला सातवा दिवा बटण बंद केल्यावर पूर्ण विझत नसे. बाकीचे अकरा दिवे क्षणात काळे पडत. सातव्यात मात्र एक फिका, दुधट उजेड शिल्लक राही. त्या उजेडात खाली उभ्या माणसाला स्वतःची बोटं मोजता आली नसती. दिव्याच्या काचेला चिकटलेली हळदीची धूळ तेवढी दिसे, आणि तीही पिवळी नव्हे, करडी. शेडची दोन्ही शटरं खाली ओढल्याशिवाय हे कुणाला कळण्यासारखं नव्हतं, म्हणून नवे दिवे लावल्यावर महिनाभर कुणाला कळलंही नाही. मग एका संध्याकाळी शटर ओढता ओढता शालूबाईनं सहज मागं वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी एकही बाई त्या दिव्याखाली हळद निवडायला बसली नाही.

सहा वर्षांपूर्वी त्याच जागी दगडोबा मेला होता.

किशनरावांचा हा कारखाना आखाडा बाळापूरच्या रस्त्याला होता. शेतकऱ्यांची शिजवून वाळवलेली हळद इथं यायची, मोठ्या फिरत्या पिंपांमध्ये घासून चकचकीत व्हायची आणि पोत्यांतून बाहेर जायची. कारखान्यातल्या सगळ्या विजेचं काम शिवहार बघायचा. तो नरसी नामदेवजवळच्या एका वाडीचा. घरात अजून मेंढरं होती, पण त्यानं आयटीआय केलं आणि मेंढरं भावाकडे राहिली. आसपासच्या जिनिंगा, गोदामं, दोन पेट्रोल पंप, सगळीकडे त्यालाच बोलावत. मोटारसायकलला पिशवी अडकवून तो फिरायचा. हातचं काम स्वच्छ, बोलणं कमी.

दगडोबा त्याच्याच वाडीचा, इथलाच वायरमन, त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. वायरीचं सोलणं शिवहार त्याच्याकडूनच शिकला होता.

दगडोबाला शॉक कसा लागला हे गावात कुणालाही विचारलं असतं तरी एकच उत्तर मिळालं असतं: जनरेटर सांभाळणाऱ्या वैजनाथनं तो चालू केला, दांडी खाली राहिली, करंट उलटा शेडमध्ये आला. ते उत्तर खोटं आहे हे एकट्या शिवहारला ठाऊक होतं.

वायरमन लोकांची एक रीत आहे. यंत्रात हात घालण्याआधी बोर्डावरचे तिन्ही फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. चिनीमातीचे ते फ्यूज चांगले जड असतात. खिशात वजन आहे तोवर माणूस निर्धास्त. दुसऱ्या कुणाला बोर्डावर रिकाम्या खाचा दिसल्या, तर त्यानं समजायचं की आत कुणाचातरी हात आहे. हाक मारून विचारल्याशिवाय तिथं काही लावायचं नाही.

त्या गुरुवारी दगडोबानं रीतीप्रमाणे फ्यूज काढून खिशात टाकले होते आणि तो चौथ्या पिंपाच्या मोटारीत डोकं घालून बसला होता. शिवहार बाहेरून आला तेव्हा वजनकाट्यापुढं ट्रकांची रांग लागली होती आणि किशनराव ओरडत होते, "काटा काहून बंद पडला? झोपले का सगळे?" काट्याची लाईन त्याच बोर्डावरून गेली होती. शिवहारनं बोर्ड पाहिला, रिकाम्या खाचा पाहिल्या. पण पाचच मिनिटांपूर्वी त्यानं दगडोबाला फाटकाजवळ चहा पिताना पाहिलं होतं. आणि दगडोबा विसराळू होता. एकदा तर तो काम उरकून फ्यूज खिशात घेऊन तसाच घरी गेला होता आणि अख्खी पाळी त्याच्या नावानं बोंबलत अंधारात बसली होती. यावेळीही तसंच झालं असणार असं शिवहारला वाटलं. त्याला थोडं हसूही आलं. शेजारच्या बंद बोर्डावरचे तीन फ्यूज उपसून त्यानं इथं लावले. हाक मारली नाही.

पुढचा आवाज तो आजवर विसरला नव्हता. तो ओरडण्याचा नव्हता. पिंपावर पान्हा पडल्याचा होता.

त्यानं फ्यूज उपसले, शेजारच्या बोर्डावर होते तिथं परत खोचले आणि धावला. त्यामुळे लोक जमले तेव्हा बोर्डाच्या खाचा रिकाम्या होत्या आणि दगडोबाच्या खिशात तीन फ्यूज होते. मग करंट आला कुठून? तर दर गुरुवारी दहा मिनिटं चालवून बघायचा म्हणून वैजनाथनं त्याच वेळी जनरेटर सुरू केला होता, आणि जनरेटरची एक जुनी वायर फ्यूजना वळसा घालून सरळ शेडमध्ये येत होती. मध्ये फक्त खटक्याची एक दांडी. दांडी वर असली की ती वायर मेलेली, खाली असली की जिवंत. चौकशीला हिंगोलीहून वीज निरीक्षक साहेब आले, त्यांनी वैजनाथला विचारलं, दांडी कुठं होती? वैजनाथ म्हणाला, "आठवत न्हाई, साहेब." साहेबांनी शिवहारला विचारलं. दांडी वर होती. धावताना शिवहारनं ती डोळ्यांनी पाहिली होती.

"मी पाहिलं न्हाई," तो म्हणाला.

खरं सांगून टाकायचं, असं तेव्हापासून दर वर्षी तो ठरवी. ठरवी, आणि पितृपक्ष येई. दगडोबाची बायको अनुसयाबाई सर्वपित्री अमावस्येला नवऱ्याचं पित्तर घाली आणि पित्राच्या पाटावर शिवहारला बसवी. दुसऱ्या कुणाला नाही. "त्यायचा जीव होता तुझ्यावर, भाऊ," ती म्हणे. त्याचे पाय धुवी, कपाळाला गंध लावी, खीर-वडे वाढी. त्या दिवशी, त्या पाटावर बसलेला माणूस म्हणजे मेलेला माणूसच. हा जेवला की तो जेवला. शिवहार सहा वर्षं दगडोबा होऊन जेवला होता. घास गिळायला त्याला पाणी लागे. अनुसयाबाईला वाटे, आठवणीनं गळा भरून येतो.

यंदाच्या सर्वपित्रीला सकाळी किशनरावांचा फोन आला. अमावस्येला कारखाना बंद असे, तरी ते शिवहारची वाट बघत फाटकात उभे होते.

"शिवहार, तो दिवा बघ बाबा. बायांनी डोकं उठवलंय. दगडोबा शांत न्हाई म्हनून राहिल्या. आज दुपारी तिथंच पित्तर घालनार हायेत, दिव्याखाली."

"दिव्याखाली?"

"अन् वैजनाथला बोलावलंय. त्यानं पित्राचे पाय धरून माफी मागायची, म्हंजे दिवा विझंल. मी हो म्हनलं. काय करू? अर्ध्या बाया आठ दिवस झाले कामाला येईनात." त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोनला येतील. त्याच्या आत तुझ्या मीटरला काही सापडलं तर बरंच हाय."

शिवहारला वाटलं, दिवा दुरुस्त झाला तर कशाला कोण पाय धरेल? दोनच्या आत दिवा काळा करायचा. वैजनाथला आल्या पावली परत पाठवता येईल. कुणाला काही सांगायची गरजच पडणार नाही. या विचारानं त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची शरमही वाटली. त्यानं शिडी घेतली.

शेडमध्ये शटरं बंद होती. त्यानं सगळी बटणं टाकली, बारा दिवे लागले. काढली, अकरा विझले. सातवा राहिला. चौथं पिंप त्याच्या बरोब्बर खाली होतं आणि त्या फिक्या उजेडात पिंपाची वरची कड तेवढी दिसत होती, एखाद्यानं पाठ वाकवून बसावं तशी.  शिवहार टॉर्च तोंडात धरून शिडी चढला.

दिव्याच्या दोन टोकांना त्यानं मीटर लावला. बटण बंद, आणि मीटर सत्त्याऐंशी व्होल्ट दाखवत होता. पिशवीत तो नेहमी एक साधा पिवळा बल्ब ठेवायचा, होल्डरला दोन वायरी जोडलेला. मीटरला एवढासा करंटही पुरतो, त्यामुळे तो नसलेलं असलेलं सगळंच सांगतो. बल्बला खरा करंट लागतो. त्यानं त्याच दोन टोकांना बल्ब लावला. बल्ब काळा. म्हणजे तिथं नुसती सावली होती, जोर नव्हता. मग त्यानं एक वायर तिथंच ठेवून दुसरी अर्थिंगला टेकवली. बल्ब भकदिशी पेटला.

त्यानं पटकन हात मागं घेतला.

बटण बंद असताना दिव्यात जिवंत करंट उभा होता. म्हणजे बटण चुकीच्या वायरवर होतं. जायची वाट सोडून परत यायची वाट तोडत होतं. दिवा लागायचा, विझायचा, कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. जुना पाऱ्याचा दिवा असता तर त्या उरल्यासुरल्या करंटाला त्यानं भीक घातली नसती. नव्या एलईडीला मुंगीएवढा करंटही पुरतो, म्हणून तो आता दाखवत होता. आणि बटण बंद आहे म्हणून कुणी निर्धास्तपणे दिवा बदलायला चढला असता, तर?

मेन खटका पाडून त्यानं पॅनेलला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सातव्याच्या बटणाची पेटी उघडली. परतीची काळी वायर बटणात, जिवंत लाल थेट दिव्याला. जोडावर पिवळ्या टेपचे दोन वेढे आणि शेवटचं टोक आत मुडपलेलं. असं टोक मुडपायला त्याला दगडोबानं शिकवलं होतं. जिल्ह्यात दुसरं कुणी तसं करत नसे.

ही वायर त्यानं स्वतः टाकली होती. दगडोबा गेल्याच्या चौथ्या दिवशी. चौकशी उरकली होती, किशनरावांना तिथं नवा दिवा हवा होता. त्या दिवसाचं शिवहारला काहीच आठवत नव्हतं. कोणती वायर कुठं गेली, कोण सोबत होतं, काहीच नाही. हातांनी काम केलं होतं. सहा वर्षं ती चूक भिंतीत बसून होती.

दहा मिनिटांत त्यानं वायरी बदलल्या. पॅनेल उघडलं, खटका उचलला, टॉर्च विझवला, बटणं टाकली, काढली. बारा दिवे लागले, बारा विझले. शेड इतकी गच्च काळी झाली की त्याला शिडी चाचपत शोधावी लागली.

पावणेदोनला बाया आल्या. पुढं अनुसयाबाई, डोक्यावर पितळेचं पातेलं, त्यावर पान झाकलेलं. मागं शालूबाई पाट घेऊन. ती तांड्यावरची, तोंडाची तिखट.

"काय वो वायरमन," ती दारातूनच म्हणाली, "भूत मीटरवर आलं का? किती व्होल्टचं निघालं?"

"सत्त्याऐंशी," शिवहार म्हणाला.

"अगं बाई! लईच बारीक. दगडोबा जिता असताना याच्याहून जास्त व्हता." बाया पदराआड हसल्या. अनुसयाबाईही हसली थोडी.

"वैनी," शिवहार तिला म्हणाला, "दिव्यात काही न्हाई. वायर उलटी व्हती. बटनात चुकून दुसरी वायर गेलती. मी सरळ केली. बघा."

त्यानं शटरं ओढली आणि बटणं काढली.  अंधारातून अनुसयाबाईचा आवाज आला, अगदी हळू.

"गेला."

"गेला म्हंजे, वैनी, तो नव्हताच..."

"काल सांजच्याला वैजनाथचा निरोप आला. येतो म्हनला, पाय धरतो म्हनला. अन् आज हे शांत झाले." तिनं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "सहा वर्स नुसती कबुलीची वाट पाहून राहिले व्हते बघ. कबूल झाला, लगेच गेले."

शिवहारनं शटर वर केलं. उजेड आत आला तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते आणि चेहरा असा सैल झाला होता जसा त्यानं सहा वर्षांत पाहिला नव्हता. दिवा दुरुस्त करून आपण काय केलं ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. इतके दिवस वैजनाथवर नुसता आळ होता. आता त्याला साक्षही मिळाली होती.

"वायरच व्हती, वैनी," तो पुन्हा म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"व्हय भाऊ, असंल वायर." ती लेकराला समजवावं तशी बोलली. "त्यायचं सगळं काम वायरीतूनच चालायचं की. बस, पाय धुते."

शालूबाईनं चौथ्या पिंपाजवळ पाट मांडला, भोवती रांगोळीची एक रेघ काढली. शिवहार बसला. नाही म्हणायला जे शब्द लागतात ते त्याच्याजवळ नव्हते. सहा वर्षं याच पाटावर त्यानं तेच शब्द गिळले होते. गार पाणी पायांवर पडलं. अनुसयाबाईनं अंगठ्यानं कपाळाला गंध ओढलं आणि दोन पावलं मागं सरून त्याला नमस्कार केला. आता तो शिवहार नव्हता. पानात खीर आली, उडदाचे वडे आले, कढी आली, गवारीची भाजी आली. दगडोबाला गवार आवडायची.

"थांबा, जेवू नका," किशनराव म्हणाले. "तो आला."

वैजनाथ दारात चपला काढत होता. कामावरून काढल्यावर तो जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कनेरगाव नाक्यावरच्या एका धाब्यावर भट्टीपुढं बसायला लागला होता. तिथून दोन गाड्या बदलून आला होता. पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसत होता. हातात नारळ होता. आत येताना त्यानं जनरेटरच्या खोलीकडे पाहिलं नाही. तिच्या बाजूनं जाताना मान दुसरीकडे वळवली.

"या की पुढं," शालूबाई म्हणाली. "खात न्हाई तुमाला कोनी." या खेपेला कुणी हसलं नाही.

वैजनाथ पाटासमोर येऊन उभा राहिला. त्यानं शिवहारकडे बघितलं, पण ते शिवहारकडे बघणं नव्हतं.

"अनुसयाबाई," तो म्हणाला, "म्या तवा साहेबाला आठवत न्हाई म्हनलं. खरंच आठवत नव्हतं. पन मानूस रोज रात्री एकच गोष्ट आठवत बसला म्हंजे..." त्यानं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आधी मला दांडी दिसायचीच न्हाई. मग दिसू लागली, कधी वर, कधी खाली. आता दोन वर्स झाले, खालीच दिसते. माझा हात तिच्यावर दिसतो. म्हंजे खालीच असंल. मीच केली असंल."

"आज सांगितलं, बरं केलं," अनुसयाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "माझ्यापाशी नको. त्यायला सांगा."

वैजनाथनं नारळ पानाशेजारी ठेवला. गुडघ्यावर हात टेकून तो खाली बसला, वाकला, आणि त्याच्या दोन्ही हातांची बोटं शिवहारच्या ओल्या पायांना लागली. बोटं खडबडीत होती, भट्टीच्या धगीनं तडकलेली.

"दगडोबा," तो म्हणाला, "माझ्या हातून झालं रे. मला..."

शिवहारनं पाय मागं ओढले. पाट सरकला, खिरीची वाटी कलंडली आणि खीर रांगोळीवरून वाहत गेली. तो उठून उभा राहिला. पित्तर जेवल्याशिवाय पाटावरून उठत नाही. बायांमध्ये एकदम कुजबुज झाली.

"भाऊ!" अनुसयाबाई पुढं आली. "काय झालं? काहून उठला? बस, अपशकुन हाय तो."

"काका, उठा," शिवहार म्हणाला. तो वैजनाथशी बोलत होता. त्यानं वाकून त्याला दंडाला धरलं आणि वर उचललं. वैजनाथ हलका होता, रिकाम्या पोत्यासारखा. "माझे पाय धरू नका. दांडी वर व्हती."

वैजनाथनं मान वळवून जनरेटरच्या खोलीकडे पाहिलं.

"वरच व्हती, काका. मी पळताना पाहिली व्हती. साहेबाला पाहिलं न्हाई म्हनलो, ते खोटं व्हतं."

"काय बडबडून राहिला, शिवहार?" किशनराव म्हणाले. "मग करंट कुठून आला? फ्यूज तर त्याच्या खिशात निघाले."

"ते त्याचे व्हते. मी दुसरे लावले, शेजारच्या बोर्डावरचे." आता शिवहारला थांबता येत नव्हतं. "काटा बंद व्हता. मला वाटलं, दगडोबा फ्यूज खिशात घेऊन चहाला गेला, नेहमीसारखा. हाक मारली न्हाई. नुसतं 'दगडोबा, आत हाय का?' म्हनलो असतो तरी झालं असतं. ते म्हनलो न्हाई. आवाज झाला तवा फ्यूज काढले अन् जागच्या जागी ठेवून दिले."

शालूबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.  अनुसयाबाईच्या अंगठ्यावरचं गंध अजून ओलं होतं.

"तू," ती म्हणाली.  मग, "सहा वर्स तू माझ्या हातचं जेवला."

"व्हय, वैनी."

"त्यायचा म्हनून जेवला."

"व्हय."

तिनं पानाकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. शिवहारला वाटलं ती ओरडेल, आणि तिनं ओरडावं असं त्याला वाटत होतं. ती ओरडली नाही. वैजनाथ दोन्ही हातांचे तळवे वर करून त्यांच्याकडे बघत होता, कुणीतरी आत्ताच ते त्याला परत दिल्यासारखा.

"येड्यासारखं करू नको," किशनराव जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले. "झालं गेलं. इथल्या इथं मिटवू. ही काही बाहेर बोलायची गोष्ट हाय का? तुझं लायसन जाईल, कामं जातील, वरतून पोलीस. मानूस तर परत येत न्हाई."

शिवहारनं कपाळावरचं गंध बाहीनं पुसलं. तो अनुसयाबाईकडे वळला, आणि जे त्यानं सहा पितृपक्ष मनात ठरवून मनातच ठेवलं होतं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, उद्या सकाळी मी हिंगोलीला जातो अन् फ्यूज मी लावले व्हते, वैजनाथकाकाचा काही दोष न्हाई, असं साहेबापुढं माझ्या हातानं लिहून देतो."